दाजींचा हात आणि माझी दाढ

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून धरलेलीच आहे, तेव्हा आठांपैकी दोन-तीन अंगं कमी पडली तर चालवून घे.) भाची कशी आहे, बाळ कसं आहे, आणि मुख्य म्हणजे तुला रात्रीची झोप मिळते का, ते सविस्तर कळव. बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं तू लिहिलंस. होईल सवय, आपल्याला झालीच की. इकडे तुझ्या कुंड्यांना मी एक दिवसाआड पाणी घालतोय. म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत घालत होतो. सोमवारी दाजींनी तुमच्या घराची किल्ली परत मागवली, तीसुद्धा स्वतः न येता, आपल्या दातांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना पाठवून. तेव्हा झाडांची जबाबदारी आता माझी नाही.

दाजींनी फोनवर तुला हकीकत सांगितली असेलच, आणि त्या हकीकतीत मी घरभेदी असणार हेही उघड आहे. तू तिकडे लंगोट वाळत घालताना आपला भाऊ असा कसा निघाला म्हणून कष्टी होत असशील. म्हणून दुसरी बाजू लिहायला बसलोय. अर्थात तू कुणाची बाजू घ्यायची ते मी सांगणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुला ठाऊकच आहे, शाळेतून निवृत्त झाल्यापासून शहराच्या बुद्धिबळ अजिंक्यपदाचा मुख्य पंच मी असतो, कारण दिवसभर गप्प बसायला दुसरं कुणी तयार होत नाही. दाजी खेळणार आणि मेहुणा पंच, यावर दरवर्षी कुजबुज व्हायची. पण दाजी सलग पाच वर्षं इतके सरळ जिंकले की माझ्यापर्यंत काही वादच आला नाही. यंदा शेवटच्या फेरीत त्यांच्यासमोर टपालवाल्या बाई होत्या. (तुमच्याच गल्लीत पत्रं टाकतात त्या, चार वर्षं ओळीने दुसऱ्या आलेल्या.) दाजी अर्ध्या गुणाने पुढे होते. म्हणजे डाव बरोबरीत सुटला तरी चषक दाजींचा, आणि बाईंना मात्र जिंकणं भागच.

आता समारोपाचं ऐक, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. स्पर्धेत खेळाडू सोळा आणि समारोप समितीत माणसं सतरा. व्यासपीठावर खुर्च्या किती ठेवायच्या यावर तीन बैठका झाल्या. खुर्चीत असं काय असतं याचं मला पहिल्यापासून फार कुतूहल आहे. घरी प्रत्येकाला चांगल्या खुर्च्या असतात, त्यांवर कुणी कपडे टाकतात, कुणी मांजर बसवतात. पण तीच खुर्ची दोन फूट उंच फळीवर ठेवली की तिच्यासाठी जुने मित्र एकमेकांची तोंडं बघत नाहीत. मी सहज चौकशी केली, की खुर्ची मागणाऱ्यांपैकी कितीजणांना घोडा कसा चालतो ते माहीत आहे. दोघे निघाले. त्यातला एक खुर्च्या भाड्याने देणारा होता, आणि तो खुर्ची मागतच नव्हता.

मोठा प्रश्न होता चषक कुणाच्या हस्ते द्यायचा. नगराध्यक्षांच्या हस्ते, असं म्हटलं की माजी नगराध्यक्षांची माणसं उठून जायची. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की चषकाला कान दोन आहेत, तेव्हा एकेकाने एकेक धरावा. विजेत्याने मग कुठे धरायचं? तर खालून. याची तालीमसुद्धा झाली. चषक तिजोरीत होता म्हणून तालमीला बादली घेतली, पण बादलीला कडी एकच, त्यामुळे तालमीतच भांडण जुंपलं. मी हे सगळं कोपऱ्यात बसून बघत होतो आणि मनापासून सांगतो ताई, पटावरच्या खेळापेक्षा हा खेळ मला जास्त कळेनासा झाला होता.

आमचे कार्यवाह छापखानेवाले. त्यांची श्रद्धा अशी की जे छापलं ते व्हायलाच पाहिजे. साडेपाचला नगराध्यक्ष पोहण्याच्या तलावाचं उद्घाटन करायला जाणार, म्हणून समारोप चारला छापला. डाव काही छापील वेळ पाळून संपत नाहीत. चार वाजले तेव्हा वाचनालयाच्या आतल्या खोलीत दाजी आणि बाई शेहेचाळिसाव्या चालीवर होते, आणि बाहेरच्या सभागृहात समारोप सुरू झाला. मध्ये फक्त एक दार. ध्वनिक्षेपकावरून कुणी तरी बुद्धिबळ हा शांततेचा खेळ आहे असं इतक्या जोरात सांगितलं की पटावरचा उंट थरथरला. बाईंचं प्यादं वजीर व्हायला दोन घरं राहिली होती. दाजींचा हत्ती कोपऱ्यात अडकला होता. दाजी कानाची पाळी ओढत होते. (ते कधी ओढतात ते तुला मी सांगायला नको.)

पावणेपाचला दार उघडलं आणि नगराध्यक्ष, माजी नगराध्यक्ष, कार्यवाह आणि छायाचित्रकार आत घुसले. नगराध्यक्षांना निघायची घाई, तेव्हा निदान खेळाडूंसोबत एक फोटो. मी ओठांवर बोट ठेवलं, तर छायाचित्रकाराने माझाच एक फोटो काढला. मग तो दोघांना म्हणाला, "जरा हात मिळवा की, चांगलं दिसेल."

इथे एक गोष्ट समजून घे. आमच्या खेळात पटावरून हात पुढे करणं म्हणजे डाव संपवणं. हरलो तर हात, बरोबरी मान्य असेल तरी हात, आणि डाव चालू असताना नाही म्हणजे नाही. हे छायाचित्रकाराला कुठून माहीत असणार? पण दाजींनी भोळेपणाने हात पुढे केला आणि बाईंनी तो घेतला. दारोदार लोकांच्या हातात देण्याघेण्याचं ज्यांचं काम, त्यांचा हात आपसूक पुढे जाणारच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! फोटो निघाला, दाजींनी घड्याळ थांबवलं आणि म्हणाले, "बरोबरी." कार्यवाह धावत बाहेर गेले आणि घोषणा झाली. टाळ्या. दाजींना व्यासपीठावर नेलं.

खोलीत मी, बाई आणि पट एवढेच उरलो. बाई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. प्याद्याकडे बघत म्हणाल्या, "मी बरोबरी कुठे मागितली होती, सर?" मला फार वाईट वाटलं. मी नियमांचं पुस्तक काढलं. बरोबरीचा प्रस्ताव कुणी तोंडाने मांडला नव्हता, निकालाच्या कागदावर सह्या नव्हत्या, आणि हात मिळवला होता तो तिऱ्हाइताच्या सांगण्यावरून. मी चिठ्ठी लिहिली: "डाव अजून संपलेला नाही. पंच." आणि कार्यवाहांना द्या म्हणून दारातल्या माणसाकडे दिली.

ती चिठ्ठी हातोहात पुढे सरकत कशी कोण जाणे नगराध्यक्षांच्या समोर गेली. ते भाषणाच्या मध्यावर होते आणि त्यांना पुढचं वाक्य सुचत नव्हतं. समोर कागद आला, तो आपल्याच माणसाने लिहून पाठवलेला मुद्दा समजून त्यांनी माजी नगराध्यक्षांकडे वळून गर्जना केली, "डाव अजून संपलेला नाही!" सभागृह दणाणलं. माजी नगराध्यक्षांचा चेहरा पडला. (दुसऱ्या दिवसापासून निवडणुकीची चर्चा सुरू झाली, त्यात माझा काहीही हात नाही.) चषक मात्र दोघांनी दोन कानांनी धरून दाजींना दिला, आणि दाजींनी तो खालून घेतला.

पण दाजी ती चिठ्ठी समजले होते. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या तसे ते चषक काखेत मारून आत आले. मी निर्णय सांगितला. ते माझ्याकडे न बघता चषक खिडकीत ठेवून बसले आणि घड्याळ चालू केलं. बाहेर खुर्च्यावाला आणि त्याचा भाऊ खुर्च्यांवर खुर्च्या रचत होते. सतरा चालींनंतर दाजींनी त्या दिवशी दुसऱ्यांदा हात पुढे केला. या वेळी फोटो काढायला कुणी नव्हतं. बाईंनी खिडकीतून आपला चषक आपणच उचलला, टपालाच्या पिशवीत घातला, तो बसेना म्हणून एक कान बाहेर ठेवला. टाळ्या वाजवल्या त्या खुर्च्यावाल्या भावांनी. वर्तमानपत्रात अर्थातच दाजींचा चषकासकट फोटो आला, आणि समितीचं दाजींच्या नावाने अभिनंदनाचं रजिस्टर पत्र दोन दिवसांनी टपालवाल्या बाईंनीच तुमच्या दारात आणून, सही घेऊन दिलं.

तेव्हापासून दाजी माझ्याशी बोलत नाहीत. घरच्या माणसावर उलटला, एवढंच लोकांना सांगतात. तूच सांग, मी काय चुकलो? बाकी सगळं क्षेम. बाळाच्या नाकाला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं तर पत्र लिहायचं कारण वेगळंच. माझी दाढ भयंकर दुखतेय. दवाखान्यात फोन केला, तर नर्सबाई म्हणाल्या डॉक्टरांना पुढच्या महिन्यापर्यंत सवड नाही. मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता, कुणाशी तरी हवामानावर बोलत होते. तू एक शब्द टाक.

ता. क. दुसरा. वर "भोळेपणाने" असं लिहिलंय ते खोडायला गेलो, पण पान खराब झालं असतं. छायाचित्रकार बोलला तेव्हा दाजींनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग त्या प्याद्याकडे, आणि मगच हात पुढे केला. चाळीस वर्षं खेळणारा माणूस तो. मी समोरच होतो आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. अहवालात मी फक्त "छायाचित्रकाराच्या विनंतीवरून" एवढंच लिहिलं आहे, आणि हे तुझ्याखेरीज कुणाला सांगणार नाही. त्यांना माझा राग आलेला नाही, ताई. त्यांना माझ्याकडे बघवत नाही. परत येऊन बसले आणि सरळ हरले, हे किती मोठं होतं ते मला त्यांना सांगायचंय. पण मला बघितलं की ते रस्ता ओलांडतात.

ता. क. तिसरा. दाढ दुखत नाही. पण त्या खुर्चीत मी तोंड उघडं ठेवून पडलो की मला काही बोलता येणार नाही, आणि त्यांना बोलायचं असेल ते बोलता येईल. तू फोनवर डावीकडची खालची दाढ सांग. तिच्यात चांदी त्यांनीच भरलीय, दुसऱ्या कुणाला ते हात लावू द्यायचे नाहीत.