कवितेतलं दार आणि माझे चार गुण

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गुडघे धरलेत, तेव्हा जितकी अंगं वाकतात तितक्यांचा गोड मानून घे. तुझा खोकला कसा आहे? भावजींची कवळी नीट बसली का? (नसेल तर त्यांना म्हणावं, स्वतः घासत बसू नका, जास्त घासलं गेलं की पुन्हा भर घालता येत नाही. हे मी लाकडाबद्दल सांगतोय, पण कवळीलाही लागू असावं.) इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मुलगा आणि सूनबाई. माझं विचारशील तर डोक्याचा पार भुसा झालाय, आणि त्याला कारण एक दार आहे.

झालं असं, की सुतारशाळेत मुलांना रंधा धरायला शिकवण्याची जागा मला मिळतेय. चाळीस वर्षं मी दारं-खिडक्या बसवल्या, तेव्हा तिथल्या साहेबांना माझ्या हाताची खात्री आहे. पण नियमाला दहावीचं प्रमाणपत्र लागतं आणि मी सातवीतच करवत धरलेली. म्हणून या वयात प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसलो. गणित सुटलं (मापं घेण्यातच जन्म गेला), विज्ञान रेटून नेलं, आणि भाषेत अडकलो. तिथे जुन्या कवितांमधल्या वस्तूंचे अर्थ विचारतात. आता पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे आणि ती शेवटची. साहेबही तोवरच जागा धरून ठेवणार आहेत.

तर कवितेत एक दार आहे. ते पुरतं उघडत नाही, पुरतं लागत नाही, आणि कवी उंबऱ्यावर उभा राहून रडतो. या दारातून कवीला काय सुचवायचं आहे, गुण चार. अक्का, असा प्रश्न पाहून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सराव परीक्षेत दीड पान लिहिलं. दमट हवेनं फळी फुगली आहे, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली उतरलं आहे, ते काढून खालची कड सूतभर रंधून घ्यावी, रडण्याचं कारण नाही. शेजारी आकृतीही काढली. बाईंनी शून्य दिलं. (आमच्या बाई तुझ्या नातीच्या वयाच्या आहेत, पण पेन हातात आलं की थोरली आत्या होतात.) म्हणाल्या, "आजोबा, ते दार म्हणजे कवीचं मन." मी म्हटलं, "मग तसं सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं का त्याला?" तर म्हणतात, "सरळ सांगितलं की ती तक्रार होते, कविता होत नाही."

बरं, मन तर मन. मी शिकायला तयार असतो. दार म्हणजे मन, खिडकी म्हणजे मन, चौकट म्हणजेही मनच असणार, असं घोकून खऱ्या परीक्षेला गेलो. तिथे कविता सोडून गोष्टीतला उतारा आला. एक म्हातारी भर दुपारी दार लावते, का लावते? मी लिहिलं, जगाच्या दुःखाला कंटाळून तिनं आपलं मन मिटून घेतलं. अक्का, बकरी आत शिरत होती! तिनं नुसतं दार लावलं होतं. तीन गुणांनी गेलो.

बाईंना विचारलं, दार कुठे दार असतं आणि कुठे मन असतं, याची खूण काय? म्हणाल्या, वाचताना कळतं. कुठून कळतं? आम्ही फळीवर पेन्सिलीनं खूण करतो, ही बाजू आत, ही बाहेर. कवींनी समासात एक फुली मारली असती तर काय बिघडलं असतं? माझ्या बाकावर एक निवृत्त कंडक्टर बसतो. तो कुठल्याही वस्तूचा अर्थ मृत्यू असा लिहितो. होडी, पाखरू, वाळकं पान, सगळ्यांना एकाच थांब्यावर उतरवतो आणि पास होतो! मला तेवढं धाडस होत नाही.

आता हे खूळ घरात शिरलंय. परवा सूनबाई बाहेर कपडे वाळत घालताना ओरडली, "बाबा, दूध बघा!" मी बघितलं. दूध वर येत होतं. वर येणाऱ्या दुधातून काय सुचवायचं असेल, दाबून ठेवलेला राग की सरलेलं तारुण्य, अशा विचारात मी उभा, आणि ते ओट्यावरून खाली माझ्या चपलेत. ती धावत आली. "बघा म्हणजे गॅस बंद करा हो!" म्हणजे हिलाही सरळ सांगता येत नाही! मग ओटा पुसता पुसता म्हणाली, "बाबा, तुमची ती सुतारशाळा कधीपासून?" या प्रश्नाचा अर्थ मात्र मला बाईंनी न शिकवता लागला. अक्का, दिवसभर घरात बसलेला माणूस म्हणजे न लागणारं दारच. येता-जाता सगळ्यांना खांदा लागतो.

असो. तू काळजी करू नकोस. यंदा जे काही होईल ते माझ्या स्वतःच्या अकलेवर, कुणाचीही मदत न घेता.

तुझा गोंधळलेला धाकटा भाऊ

ता. क. : ती कविता सोबत उतरवून पाठवलीय. लहानपणी घोकायचो मी आणि पाठ तुझी व्हायची, म्हणून सहज. अर्थ उलट टपाली कळव, चार गुणांपुरता. तुला चौथीतून काढलं ते चुकलंच. वडिलांना तेव्हाच सांगणार होतो, पण मी सहा वर्षांचा होतो, राहून गेलं.

आणखी एक : फॉर्मची कालची शेवटची तारीख होती, म्हणून भाषेच्या पेपराला तुझाही भरून टाकला. सही तुझ्यासारखीच वळण देऊन केलीय. आता चौथीच्या पुढचं काही तुझ्या नावावर लागेल. भावजींना तू सांग, मला धीर होत नाही.

शेवटचं : आपले क्रमांक लागोपाठ आलेत, तुझं बाक माझ्या मागेच. लिहिताना शब्द तोंडानं म्हणायची तुझी जुनी सवय आहे. ती या वयात मोडू नयेस, असं मला मनापासून वाटतं.