गोल करवतीवरची अट

मी, खाली सही करणारा, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बायकोचे आहे, पण ते लग्नापासूनचे, ते धरू नये. अक्षर तिरके गेले असेल तर तो दोष अकलेचा नाही, डोळ्यांचा आहे. मला काचबिंदू आहे. समोरचे दिसते, बाजूचे गेले.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. ती आहे तोवर घराची वीटही कोणी विकायची नाही.

२. रंधे, पटाश्या, हातकरवती मुलीच्या, म्हणजे ठमीच्या. आजच न्याव्यात. तिच्यासारखा हात माझाही कधी चालला नाही. हे तोंडावर बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

३. धाकट्या भावाला माझी काठी. त्याने रागावू नये, लागणारच आहे. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना एकाच दिवशी सांगितले होते की डोळ्यातले पाणी नीट झिरपत नाही, दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. माझे बरेच दिसणे तेव्हाच गेले होते. उरलेले रोजच्या थेंबांवर टिकले. धाकट्याने महिनाभर थेंब घातले आणि म्हणाला, "दादा, फरक तर काहीच पडत नाही. उगाच कशाला?" फरक न पडणे हाच त्या औषधाचा गुण, हे मी कितीदा सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी. आता तो दाराच्या चौकटीला खांदा आपटतो आणि चौकट करणाऱ्याला शिव्या देतो. चौकट मी केलेली आहे.

४. गोल करवतीचे यंत्रही ठमीचे, पण एका अटीवर. हे कलम दोनदा वाचावे.

आमच्या घरात यंत्र कोणाच्या हाती द्यायचे ते एका परीक्षेवर ठरते. एक डोळा मिटायचा, फळी नजरेच्या रेषेत धरायची आणि ती कुठे वाकली आहे ते सांगायचे. बरोबर सांगितले की डोळा शाबूत. माझे वडील या परीक्षेत शेवटपर्यंत पास होते. एका सकाळी त्यांनी फळी अचूक सांगितली आणि त्याच दुपारी फिरत्या पात्यावर हात टेकला. पाते बाजूला होते, त्यांना दिसलेच नाही. लोक म्हणाले, नशीब. आम्हीही तेच म्हणालो.

पुढे डॉक्टरबाईंनी समजावले तेव्हा आमच्या परीक्षेतली खोट कळली. हा रोग बहुधा कडेकडेने खात येतो आणि मधले शेवटी घेतो. फळी दिसते ती मधल्या नजरेने. म्हणजे सर्वांत शेवटी जाते तेवढेच आम्ही पिढ्यानपिढ्या तपासत आलो. वर हा रोग रक्ताच्या नात्यात उतरू शकतो.

म्हणून अट. ठमीने डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा, आतली नस दाखवावी आणि ठिपका दिसला की बटण दाबायची ती बाजूच्या नजरेची परीक्षाही द्यावी. तोवर यंत्र कुलपात आणि किल्ली डॉक्टरबाईंकडे. रोग निघाला तर पोरीने घाबरू नये. थेंब चुकवले नाहीत आणि दाब तपासत राहिले तर उरलेली नजर बहुधा राहते. गेलेली मात्र कोणी परत देत नाही. यंत्र चालवायचे की नाही, ते मग बाई सांगतील तसे.

हे कलम वाचून दाखवले तेव्हा ठमी हसली. कोपऱ्यातली फळी उचलून तिने डोळा मिटला. "बाबा, टोकाला जराशी वाकली आहे. झालं समाधान?"

तिथेच वाकली होती. मला भीती वाटते ती याचीच.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

लिहून ठेवणार: सही
साक्षीदार: १. डॉक्टरबाई, माझी शुद्ध तपासून. सही
२. समोरचा काचवाला. सही
ठिकाण: कामाची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे

ता. क. पानाच्या कडेचा पाण्याचा डाग खाडाखोड समजू नये. सह्या झाल्यावर ठमी कागद उचलायला वाकली आणि तिच्या डाव्या कोपराने पेला पाडला. "हा इथे कधी आला?" असे तिने विचारले. डॉक्टरबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. पेला बराच वेळ तिथेच होता. मलासुद्धा दिसत होता.