चाचणीसाठी स्वतःची नोंद

६ एप्रिल १९८७
सक्करदऱ्याच्या संगणक केंद्रात आज रुजू झालो. उन्हातून येऊन एसीत बसायला मिळतं, आणखी काय हवं! काटोलच्या बसचे धक्के सुटले. प्रेमिला खूश, आणि आमची पाच वर्षांची सिंधू नव्या खोलीभर नाचत होती.
काम कर्मचाऱ्यांच्या नोंदींचं, पास्कल या संगणकाच्या भाषेत. त्यात प्रत्येक रकान्याचा प्रकार आधीच ठरवावा लागतो: नावाला वीस अक्षरं, वयाला पूर्णांक. प्रोग्राम चालू झाला की रकान्यांची नावं यंत्राला ठाऊक नसतात. मी त्या नावांची यादी सोबत ठेवणार, म्हणजे कुठलीही नोंद आपले रकाने आणि त्यांतल्या किमती, नाव-गाव जे भरलं असेल ते, आपणच सांगेल.

९ एप्रिल
आमचे साहेब चंपतराव म्हणाले, दुसऱ्यांच्या नोंदी चाळायच्या नाहीत, चाचणी स्वतःच्याच नोंदीवर करायची, हा इथला रिवाज. पटलं. आज पहिली छपाई, चाललं एकदाचं! गाव, वडील, पत्नी, अपत्य, सगळं छापून आलं.

१५ एप्रिल
दुसरी छपाई. गावाचा रकाना कोरा. वीस अक्षरांची जागा आहे, आत काही नाही. माझा प्रोग्राम तर नोंद फक्त वाचतो, तिच्यात काही लिहीत नाही. घरी प्रेमिलानं विचारलं, गावी कधी जायचं. मला गावाचं नाव आठवेना. ऊन लागलं असेल.

२१ एप्रिल
तिसरी छपाई. वडील कोरे. त्यांचा चेहराही गेला. फार थकलो आहे.
रिवाज मोडून माझ्या जागी आधी काम करणाऱ्या अनंतची नोंद उघडली. रकाने सगळे जागेवर, किंमत एकातही नाही. चंपतरावांना विचारलं. म्हणाले, "तोबी सोताचीच नोंद वाचे. एक दिवस मलेच पुसे, मी कोण आहो गा?" आणि चहाला निघून गेले.

२४ एप्रिल
सोमवारी वरच्या साहेबांना प्रोग्राम चालवून दाखवायचा आहे. नवी नोकरी, नाही कसं म्हणू. माझ्याऐवजी शेजारच्या टेबलावरच्या देवरावची नोंद लावता येईल. त्याला तीन मुलं. नको.
सिंधू मांडीवर झोपली आहे. उठवत नाही.

२७ एप्रिल
दाखवलं. दोनदा छापायला लावलं. पत्नी कोरी. मग अपत्य —
घरी आलो.
दारात एक लहान मुलगी. मला बाबा म्हणते —
मागच्या पानावर सिंधू लिहिलं आहे. अक्षर माझंच. कोण?
मुलगी रडते आहे. जवळ घ्यावं, हाक मारावी — पण काय म्हणून —