हंबीररावांच्या नावाने हजर

कोल्हापूर,
मंगळवार, ११ जुलै १९७८

तीर्थस्वरूप माईमावशींना,

कालिंदीने इथूनच तुमच्या पायांवर डोके ठेवले आहे असे समजावे. गगनबावड्याच्या पावसात तुमच्या गुडघ्यांचे कसे काय, काकांचा खोकला बसला का, म्हैस व्याली का, हे सविस्तर कळवावे. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे हे ठीक आहेत आणि मी संतापलेली आहे. (हे म्हणतात, पत्र उद्या लिही, आज निबेने कागद फाटेल. पण उद्यापर्यंत एवढा राग टिकेल याची मला खात्री नाही, म्हणून आजच बसले.)

मी पेठेतल्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते हे तुम्हाला ठाऊक आहे. चौदा वर्षे बसते. (तुम्ही एकदा आला होतात तेव्हा, "नुसतं बसायचा पगार देतात व्हय?" असे विचारले होतेत. ते मी मनावर घेतलेले नाही, फक्त लक्षात ठेवले आहे.) मार्चअखेरीला वरून परिपत्रक आले की, प्रशिक्षण घेतलेला माणूस असल्याशिवाय वाचनालयाला वरचा दर्जा मिळणार नाही, त्यासाठी तीन महिन्यांचा ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग आमच्यापासून दहा मिनिटांवर, मुलींच्या शाळेत, रोज संध्याकाळी भरणार. वाचनालयात पगारी माणसे दोनच, मी आणि गुंडू शिपाई. गुंडूला वाचता येत नाही. (तो पुस्तके पुठ्ठ्याच्या रंगावरून ओळखतो आणि क्वचितच चुकतो.) तेव्हा जाणार ती मीच, असे धरून मी दोन कोऱ्या वह्यांना कव्हरेसुद्धा घातली.

समितीने हंबीररावांना पाठवायचे ठरवले. हंबीरराव म्हणजे आमचे कार्यवाह अप्पासाहेब यांचे भाचे. वय अठ्ठावीस, छाती चव्वेचाळीस, धंदा तालमीत जाणे. वाचनालयात ते आजवर एकदाच आले होते, तेही पावसाची सर थांबेपर्यंत. त्यांना रातोरात सहायक ग्रंथपाल नेमले आणि सकाळी त्यांचा अर्ज गेला. मी अप्पासाहेबांकडे गेले. ते गोड बोलले. "बाई, तुम्हाला सगळं येतंयच की. ज्याला येतंय त्यानं शिकून काय करायचं? ह्या हंबीरला काय बी येत न्हाय, म्हणून त्याला धाडायचा." समितीतल्या दुसऱ्या एकांनी काळजी दाखवली की बाईमाणूस संध्याकाळी वर्गाला बसली तर घरी स्वयंपाक कोण करणार. (आमच्याकडे गेली सहा वर्षे आमटी हे करतात आणि माझ्यापेक्षा बरी करतात, पण हे समितीला सांगायला ह्यांनी मला सक्त मनाई केली आहे.)

हंबीरराव चार दिवस वर्गाला गेले. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि त्यांची वही येऊन पडली. "वैनी, एवढं लिवून द्या की, माझं अक्षर लई बेक्कार हाय." प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड लिहायचे, असा घरचा अभ्यास होता. मी लिहून दिला, कारण कार्डांबरोबर वही आली होती आणि मला तिचा लोभ सुटला होता. वहीत काय होते म्हणाल, तर 'वर्गीकरण म्हणजे पुस्तकांचे वर्ग करणे. असे वर्ग दहा असतात. सर फार हळू बोलतात', आणि खाली दोन पैलवानांचे चित्र. चार दिवसांचे शिक्षण एवढेच. पुढे हंबीररावांनी जाणेच सोडले. तेव्हा ते आजारी आहेत अशी चिठ्ठी द्यायला म्हणून मी स्वतः वर्गात गेले. शिकवायला दिलदार मुजावर नावाचे सर, एका कॉलेजचे ग्रंथपाल, हाडकुळे, कानावर पेन्सिल. मी मागच्या बाकावर टेकते न टेकते तोच त्यांनी मान खाली घालून हजेरी सुरू केली आणि "हंबीरराव" म्हणाले. चिठ्ठी माझ्या हातातच होती. माझ्या अंगात काय शिरले कोण जाणे, मी म्हणाले, "हजर." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पटावर खूण केली आणि पुढचे नाव घेतले.

असे अडीच महिने. मावशी, मी अडीच महिने रोज हंबीरराव होते. वर्गातली बाकीची मंडळी मला हंबीरबाई म्हणू लागली, आणि मीही ओ देत होते. पण खरे सांगते, हसू नका. चौदा वर्षे कोणते पुस्तक कुठे आहे हे मी डोक्यात धरून बसले होते. उद्या मी आजारी पडले असते तर वाचनालय मुके झाले असते. पुस्तकाची जागा आकड्यांत सांगता येते आणि तो आकडा मी नसतानाही कोणालाही उलगडतो, हे ज्या दिवशी कळले त्या दिवशी मी रंकाळ्याकडून लांबच्या वाटेने घरी आले. (उशीर का झाला असे ह्यांनी विचारले. मी सांगितले. हे म्हणाले, आमटी गार झाली.)

जूनअखेरीला परीक्षा. अप्पासाहेब स्वतः हंबीररावांना नवा कोट घालून घेऊन आले. मला परीक्षेला बसता येणार नाही हे माहीत असूनही मी गेले होते, तिसऱ्या बाकावर उगाच बसले होते. सर दारात यादी घेऊन उभे. "हे कोण?" "हंबीरराव." सर म्हणाले, "हे न्हवंत. माझे हंबीरराव त्या तिथं बसल्यात बघा." अप्पासाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा गुंडूलाही रंगावरून ओळखता आला नसता. हजेरी नाही म्हणून सरांनी हंबीररावांना बसू दिले नाही. आणि माझ्या नावाचा अर्ज नाही म्हणून मलाही नाही. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बाई, तुम्ही पहिल्या आला असता. पण कागदावर तुम्ही न्हाईच, मी तरी काय करू?" मी शाळेच्या पायरीवर बसून रडले. रडले की मला आणखी राग येतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे.

मग समितीची सभा. वाचनालयाचा वरचा दर्जा हुकला तो माझ्यामुळे, मी सरकारला फसवले, असे ठरले. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी आले. देवघेवीला हंबीरराव बसले. पहिल्याच दिवशी चिमणाबाई आल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सुईणबाई, रोज एक कादंबरी संपवतात. त्यांना हंबीररावांनी जनावरांच्या रोगांवरचे पुस्तक काढून दिले. चिमणाबाईंनी ते शेवटपर्यंत वाचले (हातात आलेले पुस्तक त्या अर्धे सोडत नाहीत) आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन थेट अप्पासाहेबांच्या घरी, पुढच्या सोप्यावर जाऊन बसल्या. "त्या बाईला आणा, न्हायतर मी हितंच बसून वाचतो." तिसऱ्या दिवशी सोप्यावर अकरा वाचक होते आणि अप्पासाहेबांच्या मंडळींना सगळ्यांना चहा करावा लागत होता. चौथ्या दिवशी किल्ल्या माझ्याकडे परत आल्या आणि नव्या वर्गासाठी माझ्या शिफारसपत्रावर सही झाली. (मला वाटते ती चहामुळे झाली.)

काल नवा वर्ग सुरू झाला. सरांनी "कालिंदी" म्हणून पुकारले आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. कानाला सवयच राहिली नव्हती. गैरहजेरी पडली, मग खोडून दुरुस्त झाली. तुम्ही म्हणाल, आता राग कशाचा? राग याचा, की आज सकाळी अप्पासाहेब चार लोकांत सांगत होते, बाईंना वर्गाला आम्हीच धाडलं, बायका शिकल्या पाहिजेत.

काकांना नमस्कार. थांबते, निब खरोखरच वाकली.

तुमची,
आता स्वतःच्या नावाने शिकणारी
कालिंदी

ता. क. एवढे लांबण लावले ते उगाच नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या सुनेचे, नंदिनीचे कार्ड आले. गावातले ग्रामपंचायतीचे वाचनालय दोन वर्षे ती एकटी उघडते आणि तिला या वर्गाला यायचे आहे. पण भातलावणीच्या दिवसांत सुनेने तीन महिने कोल्हापुरात काय करायचे, असे तुम्ही म्हणालात म्हणे. मावशी, मी पत्रभर अप्पासाहेबांवर रागावले आहे, त्यातला निम्मा राग तुमच्यावर होता, तो सवडीने वेगळा करून घ्यावा. एक जागा सरांनी गुरुवारपर्यंत राखली आहे. तिने आमच्याकडे राहावे. परवानगी द्यावी, ही पाया पडून विनंती.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होते तोच दारात नंदिनी उभी. भिजलेली, हातात एकच पिशवी. तुमच्या सयाजीनेच बायकोला एस.टी.त बसवून दिले म्हणते. तुम्हाला विचारले होते का, हे मी तिला विचारलेले नाही. तुम्हीही सयाजीला विचारू नये. लावणीला माणूस कमी पडत असेल तर ह्यांना धाडते, आमटीसकट. नंदिनीची दोन लुगडी आणि जाड घोंगडी तेवढी उद्याच्या गाडीने पाठवा.