बोंबील नसलेला किनारा

पाली, रविवार संध्याकाळ

रीटा, माझ्या वहीत मी बोलते तसंच लिही, शहाणपण घालू नको. तुझा भाऊ आर्किटेक्ट. आठवडाभर इमारती आखतो, रविवारी आपला किनारा रंगवतो. आज चित्र दाखवलं. समुद्र हाय, माड हायत, बांबूंवर वाळत घातलेले माझे बोंबील तेवढे न्हायत.

"काय रे, मांजरानं नेले?"

हसला नाही. "आजी, तिथं टॉवर येतोय. आमच्याच ऑफिसचं काम. हे चित्र त्याच्या लॉबीत लागणार. बिल्डरला बोंबील नकोत."

चित्रातल्या बोंबलाला वास येतो होय? जागा मालकानं विकली, पोराला काय बोलू... पण मी बोंबील वाळवू कुठं? तेच विचारलं, तर ब्रश धूत बसला. धुतलेलाच परत धुतला.

शेवटी मीच म्हटलं, चल, जेवून घे.