देवीच्या आधी वाटीभर भात

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, वडनेर. संध्याकाळ.

अजून राग गेलेला नाही. जाऊही नये.

झालं काय, तर नैवेद्याच्या आधी मी वाटीभर भात खाल्ला. स्वयंपाकघरातच, दार उघडं ठेवून. आत्याबाईंनी, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीनं, पाहिलं.

"देवी उपाशी हाय अन् सून जेवून राह्यली! थोडी कळ नाई काढता येत तुले?"

कळ काढायचं मला सांगतात! दोन वर्षांपूर्वी आतड्याला पीळ पडला, ते सडलं, डॉक्टरांनी बहुतेक सगळं कापून काढलं. उरलेल्या तुकड्याला एकदम पोटभर जेवण झेपत नाही. थोडं थोडं पण सारखं खायचं, साध्या पाण्याऐवजी मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. हेच माझं औषध. मागच्या महालक्ष्म्यांना लाजेखातर थांबले, तर आरतीच्या आधीच चक्कर येऊन पडले. सलाइन लागलं. तेव्हा कुठे गेल्या होत्या आत्याबाई?

म्हटलं, "आत्याबाई, देवीचं आतडं साबूत हाय. तिले थांबता येते, मले नाई."

सासूबाईंचा झारा कढईतच थांबला. मी जास्त बोलले का? असेल. पण शेवटचं शीत संपेपर्यंत वाटी खाली ठेवली नाही.

उद्या विसर्जन. उद्याही आधी मीच खाणार. आणि स्वयंपाकघरात नाही, वाटी घेऊन देवींच्या समोर बसणार. पाहू दे देवींनाही.