अकजार जिंकलं, बेशबुलाकही जिंकलं

१ मार्च, सकाळ
मोठं काम हाती आलंय, नोंद राहावी म्हणून आजपासून रोजनिशी. नवरोज चषकाची वेबसाइट मला मिळाली. बोकडाचं धड गोलात टाकण्यासाठी घोड्यांवरून होणारी मारामारी बघायला सगळं तालास खोरं लोटतं. आता तिकीटही मोबाइलवर आणि गुणसंख्याही. दोन्ही माझ्या हातात.
आयोजक सातिबाल्दी बाइके (आमच्याकडे थोरल्यांना बाइके म्हणतात) एकेकाळचे पैलवान. हात मिळवला तेव्हापासून माझी बोटं सुन्न आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, की सगळे एकदम आले तर साइट पडणार नाही ना. म्हटलं, लाख माणसं अंगावर आली तरी उभी राहील. जँगोत करतोय. पायथनमधला तयार सांगाडा, वर फक्त मांस चढवायचं.
संकल्प: रोज पहाटे उठून कोड.

४ मार्च
पहाटे उठलो. थंडी होती. परत झोपलो.

५ मार्च
लोड टेस्ट केली. मी लॅपटॉपवर, बायको जिर्गाल मोबाइलवर, दोघांनी एकदम साइट उघडली. पडली नाही. टेस्ट पास. जिर्गालने विचारलं, खोऱ्यात आपण दोघंच राहतो का. तिला तांत्रिक गोष्टी समजावत बसलो नाही.
टेस्टला एक खोटा प्रेक्षक लागतो. त्याचं नाव ठेवलं 'तोरो गाढव'. तोरोबेक हा जिर्गालचा धाकटा भाऊ, अकजार गावाच्या संघाचा कर्णधार. घोड्यावर असला की वाघ, खाली उतरला की आमच्या दिवाणखान्यातला अडथळा. कोडमधली नावं कोण बघतंय!

९ मार्च
वेरा किमला कोड पाठवला. कॉलेजात माझ्या शेजारी बसायची, आता अलमातीत मोठ्या कंपनीत आहे. कौतुकाची अपेक्षा होती. तिने चुका काढल्या. म्हणे, डिबग बंद कर. खुर्ची विकताना तेवढ्यापुरतं तिला कुलूप लाव. आणि पान उघडलं की तुझा प्रोग्रॅम डेटाबेसला एकेका खुर्चीबद्दल वेगळं विचारतो, 'इथे कोण बसलंय?', ते सगळं एका दमात विचार.
मोठ्या कंपनीत गेलं की माणूस बिघडतो. कुलूप लावलं तर लोकांना थांबावं लागेल, आणि आमच्या लोकांना थांबवलं की हात चाबकाकडे जातो. सवडीने बघू.

१२ मार्च, दुपार
साइट सुरू झाली. भव्य प्रतिसाद. त्यामुळेच पडली.
पडली तेव्हा डिबग चालू होतं. डिबग म्हणजे, प्रोग्रॅम कोसळला की आतडी बाहेर काढून दाखवतो. मला एकट्याला दाखवायची होती, दाखवली सगळ्या खोऱ्याला. त्यात ठळक अक्षरांत प्रेक्षकाचं नाव: तोरो गाढव. लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले. अकजारचं हाडवैरी गाव बेशबुलाक, तिथल्यांनी म्हणे बॅनर छापायला टाकलाय.

१२ मार्च, संध्याकाळ
तोरो येऊन गेला. शांतपणे बूट काढले, जिर्गालला नमस्कार केला, मला विचारलं, "दाजी, गाढव कोण?" उत्तराची वाट पाहिली नाही. मी कपाटावर आपटलो, कपाटातल्या बश्या माझ्यावर. नाकातून रक्त. नातं म्हणून डाव्या हाताने मारलं, असं तो जाताना म्हणाला. जिर्गालने बर्फ आणला. आधी त्याच्या मुठीला लावला.
डिबग बंद केलं. निर्णय माझा. वेराचा काही संबंध नाही.

१४ मार्च
पहिले सामने. एकच खुर्ची दोघांना विकली गेली. एकदा नाही, बऱ्याचदा. पहिली जोडी शब्दांवर होती, दुसरी कॉलरवर आली, तिसरीने चाबूक काढले. बेशबुलाकच्या एका म्हाताऱ्याने समोरच्याचे दात पाडले आणि ते उचलून खिशात ठेवले. समोरच्याने त्याची टोपी फाडली. मग कुणाची खुर्ची कुठली हे विचारायला खुर्च्याच उरल्या नाहीत, त्या हवेत होत्या.
बाइकेंनी मला कॉलरला धरून जमिनीवरून उचललं. लटकत लटकत समजावलं, की दोघांनी नेमकं एकाच क्षणी बटण दाबलं. प्रोग्रॅमने पाहिलं, खुर्ची रिकामी. दोघांनाही दिली. योगायोग. त्यांनी मला सोडलं. हळू नाही.
उपाय केला: साइटवर ठळक सूचना टाकली, 'कृपया एकाच वेळी तिकीट काढू नये.' बाइकेंनी स्वतःचा उपाय केला: दारावर पैलवान उभे केले.

१७ मार्च
पान उघडायला इतका वेळ लागतोय की लोक चहा करून येतात. सर्व्हरला शिव्या दिल्या. कीबोर्डला ठोसा मारला. कीबोर्ड लोखंडी पट्टीचा आहे हे विसरलो होतो. मूठ सुजली, स्पेसबार गेला.
मग डोकं चाललं. मोठा सर्व्हर घेतला. त्यावर प्रोग्रॅमच्या चार प्रती एकदम चालवल्या. प्रत्येकीने गुणसंख्या स्वतःच्या डोक्यात जपून ठेवायची, डेटाबेसकडे पुन्हापुन्हा जायचं नाही. पान पापणी लवायच्या आत उघडतं. याला म्हणतात स्केलिंग.
वेराला मुद्दाम फोन केला. तिने विचारलं, चौघींचं डोकं एकच आहे की वेगवेगळं. अभिमानाने सांगितलं, वेगवेगळं. तिने ते पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाली, "मकसत, सामन्याआधी एवढं तरी बदल. चौघी चार गोष्टी सांगतील."
मत्सर ओळखू येतो.

२१ मार्च, नवरोज, सकाळ
अंतिम सामना: अकजार विरुद्ध बेशबुलाक. मैदानावरचा जुना फळा मी स्वतः काढायला लावला. आता मोबाइल हाच अधिकृत. नवा कोट घातलाय. बक्षीस समारंभात बोलावतील.

२४ मार्च, जिल्हा रुग्णालय
आज पेन धरता येतंय. जमेल तसं लिहितो.
खेळ भयानक झाला. घोडा घोड्यावर आदळल्याचा आवाज पोटात जाणवत होता. बेशबुलाकच्या एकाने तोरोच्या तोंडावर चाबूक ओढला, तोरोने त्याला खोगिरातून उपटून फेकलं. बरोबरी. शेवटच्या झोंबाझोंबीत धूळ इतकी उठली की मैदानात काय चाललंय कुणालाच दिसेना. शिट्टी झाली. साऱ्या खोऱ्याने एकदम मोबाइल काढला.
अर्ध्या लोकांच्या मोबाइलवर अकजार जिंकलं. उरलेल्यांच्या मोबाइलवर बेशबुलाक. काहींच्या मोबाइलवर सामना अजून सुरू व्हायचा होता.
दोन्ही गावं नाचायला लागली. दोन्ही कर्णधार चषक घ्यायला मंचावर चढले. दोघांनी तो धरला, ओढला, आणि तो बेशबुलाकच्या कर्णधाराच्या कपाळावर फुटला. मग कुणी कुणाला आवरलं नाही. चाबूक, तंबूचे खांब, नवरोजची सुमोलोक खीर ढवळायचा कढईतला डाव, जे हाताला लागलं ते. एक बाई जळतं लाकूड घेऊन धावताना पाहिली. मी ओरडून सांगत होतो, की पान रिफ्रेश करा, दुसरा निकाल येईल. हे सांगायला नको होतं. येत होता. प्रत्येक वेळी दुसराच.
कुणीतरी म्हणालं, साइटवाला हाच.
पहिली लाथ बरगडीत बसली. त्यानंतरच्या मोजल्या नाहीत. डोक्यावर तंबूचा खांब उगारलेला दिसला. तेवढ्यात पुन्हा खोगिरावर चढलेल्या तोरोने घोडा मध्ये घातला, उडी मारली आणि माझ्यावर आडवा पडला. खांब त्याच्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या कानाशी झाला. तो उठला नाही. हाणत होते तोवर तसाच पडून राहिला, आणि माझ्या कानात हळू आवाजात मला शिव्या देत राहिला.

२५ मार्च
तोरो शेजारच्या खाटेवर. जिर्गाल त्याला चमच्याने सूप भरवते. माझा वाडगा स्टुलावर ठेवते.
मी घटनेचा अहवाल लिहायला घेतला. मूळ कारण: सर्वांनी एकाच वेळी बघितलं. जिर्गालने तो वाचला. म्हणाली, "तो मेला असता, मकसत." उत्तर तयार होतं, की मेला तर नाही. अहवाल उशीखाली ठेवला.
तोरोचा उजवा खांदा. डॉक्टर म्हणाले, घोड्यावर बसेल, पण बोकडाचं धड उचलेल का, सांगता येत नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. झोपलेला नाही.

२ एप्रिल
बाइके घरी आले. सामना पुन्हा होणार. साइट बंद. मला वाटलं, आता मारणार. त्यांनी बाहेरून जुना फळा आत आणला आणि खडू माझ्या हातात दिला. दोन्ही गावांसमोर उभा राहा आणि लिही, म्हणाले, सगळ्यांना एकच दिसू दे. ही शिक्षा आहे असं जिर्गालचं मत. मला हा विश्वास वाटतो.
विचार केला तर वेराचंही म्हणणं हेच होतं. एकच जागा, एकच आकडा. खडूला प्रती नाहीत, डोकी नाहीत. चुकायला वावच नाही.

३ एप्रिल
घरी आकडे गिरवले. अक्षर छान आलं.

५ एप्रिल
पूर्वार्ध अप्रतिम. गोल झाला की लिही, गोल झाला की लिही. दोन्ही गावं माझ्याकडे बघत होती. दोन स्वार रक्तबंबाळ होऊन बाहेर गेले, पण आकड्याबद्दल कुणाची तक्रार नाही.
मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. मी नाही बदलल्या. अकजारचे गोल बेशबुलाकच्या खाली लिहीत गेलो.
आधी ओरडा झाला. मग दोन्ही बाजूंची माणसं उभी राहिली. या वेळी सगळ्यांना एकच निकाल दिसत होता, तोही चुकीचा. सर्व्हरकडे बोट दाखवायला सर्व्हर नव्हता. मी मागे सरकलो तर मागे फळा.
तोरो गर्दीतून आला. हात गळ्यात बांधलेला, उरलेल्या हाताने माणसं बाजूला ढकलत. मला वाटलं, पुन्हा वाचवणार. त्याने माझ्या हातातला खडू काढून घेतला, आकडे पुसले, बरोबर लिहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाजी, तुम्ही घोडे धरा."
धरले. त्यातला एक सुटला.